न फोडलेली फरशी: 30 वर्षं जुन्या घराच्या नूतनीकरणाचं एक प्रकरण

घर कसं होतं, मागणी काय होती

तिसऱ्या मजल्यावरचा 30 वर्षं जुना फ्लॅट, आतलं क्षेत्रफळ साधारण 85 चौरस मीटर. राहणारी माणसं पाच: नवरा-बायको, दोन मुलं आणि मुलांचे आजोबा. धाकट्याला दमा आहे आणि घर नव्यानं करायचा विषय त्या दम्यावरूनच निघाला होता. दिवाणखान्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची, रंगाचे पोपडे सुटायचे, कोपऱ्यात काळी बुरशी धरायची. स्वयंपाकघरातली कपाटं कळकट दिसत होती. बाथरूमचं पाणी खालच्या घराच्या छताला उतरत होतं. फरशी मोझॅकची, मळकी, निस्तेज.

"करायचंच आहे तर पर्यावरणाला धरून करू," असं घरच्या ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि एक यादी पुढे ठेवली. सगळीकडे बांबूची फरशी. सगळ्या भिंतींना चुन्याचा गिलावा. दिवाणखान्यात भिंतभर झाडं, त्यांना पाणी द्यायला पंप. ओट्यावर क्वार्ट्झ, कारण माहितीपत्रकात 'पुनर्वापरित घटक' असं लिहिलं होतं. दारांचा जुना रंग पूर्ण काढून लाकडाला नुसतं तेल. फॉल्स सिलिंग आणि त्यात एलईडीचे दिवे.

यादी मनापासून केलेली होती. अडचण एवढीच, की तिच्यात जवळजवळ सगळ्या विकत आणायच्या वस्तू होत्या. कंत्राटदाराचं अंदाजपत्रक वेगळ्या हेतूनं तयार झालेलं, पण त्याची पहिली ओळ या यादीशी तंतोतंत जुळत होती: 'जुने सर्व काढून टाकणे'. फरशी, गिलावा, ओटा, कपाटं, दारं, सगळं. पर्यावरणाची काळजी असलेला मालक आणि तोडफोडीवर पोट असलेला कंत्राटदार यांचं पहिल्याच पानावर एकमत होतं, हे मला अनेक घरांत दिसत आलंय.

मी क्रम उलटा करायला सांगितला. आधी काय ठेवायचं ते ठरवू, मग काय दुरुस्त करायचं ते, आणि नवीन वस्तू कोणत्या आणायच्या हा प्रश्न सगळ्यात शेवटी. घरात आधीपासून असलेली वस्तू बनवताना जी ऊर्जा जळायची ती जळून गेली, धूर केव्हाच हवेत गेला. ती फेकली की तो खर्च वाया, आणि नव्या वस्तूसाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

फरशी

सगळ्यात मोठा वाद इथे झाला, म्हणून यावरच जरा जास्त लिहितो.

फरशीचं क्षेत्र साधारण 70 चौरस मीटर. मोझॅकची टाइल 20 मिलिमीटर जाडीची आणि तिच्या खालचा मसाला 40 मिलिमीटर धरला, तर उकरून निघणारा माल होतो 4.2 घनमीटर. घनमीटरला 2 टन असा ढोबळ हिशेब केला तरी 8 टनांच्या वर राबिट. तेवढं तीन मजले खाली उतरवायचं, ट्रकनं कुठेतरी नेऊन टाकायचं, आणि मग नवी फरशी बसवायला पुन्हा वाळू-सिमेंट वर चढवायचं. सिमेंटची भट्टी 1450 अंश सेल्सिअसच्या आसपास चालते. त्यातही अर्ध्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून येत नाही, तो चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी 7 ते 8 टक्के वाटा सिमेंटचा मानला जातो. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलही 1200 अंशांच्या आसपास भाजलेली असते.

बांबूचं काय? बांबू तीन ते पाच वर्षांत तोडणीला येतो, कापला तरी त्याच कंदातून पुन्हा फुटतो, हे खरंच. पण जमिनीवर बसते ती बांबूची पट्टी नसते. बारीक चिरफळ्या राळेच्या गोंदात दाबून केलेला तो बोर्ड असतो. कोणता गोंद वापरला, माल कुठून किती लांबून आला आणि पाणी लागल्यावर तो फुगतो का, यावर त्याचं भलंबुरं ठरतं. नव्या घरात, काहीच अंथरलेलं नसताना, मी बांबूचा विचार नक्की करेन. धडधाकट फरशी उकरून त्या जागी बांबू घालण्यात मला काही अर्थ दिसला नाही.

मिस्त्रींना हे पटलं नव्हतं. "ताई, घासून घासून किती उजळणार ती? नवीन टाका, पुढची वीस वर्षं बघायला नको." वाद घालत बसण्यापेक्षा सोफा सरकवून त्याच्याखालचा हातभर तुकडा घासून बघायचं ठरलं. मशीनला आधी जाडा दगड लावला, मग मधला, मग बारीक. वरचा राखाडी थर गेल्यावर आतले हिरवट आणि विटकरी खडे स्वच्छ उघडे पडले. आजोबा म्हणाले, "ही बसवली तेव्हा अशीच दिसायची." त्या तुकड्यापुढे बांबूचा नमुना कोणी पुन्हा हातात घेतला नाही.

घासाईचं काम दिसतं तितकं निरुपद्रवी नसतं. ते पाणी घालून करायचं, कोरडं केलं तर घरभर बारीक धूळ उडते, आणि दमेकऱ्याच्या घरात ते परवडणारं नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे राडा. घासताना जे दुधट पाणी निघतं त्यात सिमेंटची पूड असते. कामगार सवयीनं ते बाथरूमच्या जाळीत लोटतात आणि पुढे पाइपात दगडासारखा थर बसतो. इथे राडा बादल्यांत भरून ठेवला, रात्रभर निवळू दिला, वरचं पाणी पुढच्या घासाईला वापरलं आणि खालचा गाळ वाळवून राबिटात टाकला.

काही टाइला फुटलेल्या होत्या आणि तसल्या आता बाजारात मिळत नाहीत. भिंतीतलं एक कपाट काढायचंच होतं, त्याच्या बुडाखाली 30 वर्षं पाय न लागलेल्या टाइला निघाल्या. त्या अलगद सोडवून फुटक्यांच्या जागी बसवल्या. कपाटाखाली साधा कोबा केला, कारण तिथे नवीन उभं फडताळ येणार होतं.

ओली भिंत

यादीतल्या दोन गोष्टी या एकाच भिंतीवर येणार होत्या: चुन्याचा गिलावा आणि झाडांची भिंत. म्हणजे जी भिंत ओलीनं सुजली होती तिच्यावरच पंपानं पाणी खेळवायचा बेत होता.

ओल आतून येते की बाहेरून, हे आधी कळायला हवं. त्यासाठी भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद केला आणि दोन दिवस तसाच ठेवला. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतूनच येते. इथे थेंब भिंतीकडून होते.

मग बाहेर बघितलं. खिडकीवरच्या सज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेलगत एक खाच असते. पाणी कडेवरून खाली वळून भिंतीकडे जाऊ नये, तिथेच तुटून पडावं, एवढंच तिचं काम. इमारतीला बाहेरून जितक्या वेळा रंग लागला तितक्या वेळा ती खाच थोडी थोडी भरत गेली होती. बोट फिरवलं तर तिथे खाच आहे हे कळतही नव्हतं. पावसाचं पाणी सज्ज्याखालून सरळ भिंतीवर, तिथून गिलाव्याच्या भेगेत. आतून प्लास्टिक इमल्शनचे थरावर थर, त्यामुळे आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. पोपडे त्याचेच.

खाच छिन्नीनं मोकळी केली, भेगा भरल्या. आतला प्लास्टिक रंग आणि सुटा गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवली. भिंत वाळायला जाडीच्या दर 25 मिलिमीटरला एक महिना, असा जुना ढोबळ हिशेब आहे. तो सांगितल्यावर घरातल्या सगळ्यांचे चेहरे पडले. शेवटी असं ठरलं, की बाकी घराचं काम उरकून घ्यायचं आणि या भिंतीला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

तिला मात्र चुनाच लावला. चुना कार्बनच्या दृष्टीनं निर्मळ असतो असं लोक समजतात, ते अर्धंच खरं. तोही चुनखडी भाजूनच होतो, साधारण 900 अंशांवर. पुढे भिंतीवर आवळताना तो हवेतला काही कार्बन डायऑक्साइड परत शोषतो, सगळा नाही. इथे चुना घेतला तो वाफ आरपार जाऊ देतो म्हणून, आणि तीव्र अल्कधर्मी असल्यानं त्याच्यावर बुरशी सहसा धरत नाही म्हणून. घरातल्या बाकी भिंती कोरड्या, त्यांचा गिलावा शाबूत. तो पाडून चुना लावायचा प्रश्नच नव्हता. चुना हाताळताना डोळ्यांवर चष्मा हवाच. त्याचा एक शिंतोडा बुबुळाला कायमची इजा करू शकतो आणि गवंडी हे हसण्यावारी नेतात.

झाडांच्या भिंतीबद्दल यजमानांचा मुद्दा होता, की झाडं हवा शुद्ध करतात आणि मुलाला त्याचा फायदा होईल. हा समज बराचसा नासाच्या 1989 च्या प्रयोगांवरून पसरला. ते प्रयोग छोट्या, हवाबंद पेटीतले होते. 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. साधी हवा खेळती असल्यावर जितकी हवा स्वच्छ होते तितकी झाडांकडून व्हायची तर दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1000 झाडं लागतील, असा त्यात हिशेब निघाला. राहायला जागा कुठून उरणार! झाडं आवडतात म्हणून कुंड्या ठेवल्या, त्याही गॅलरीत. मुलासाठी खिडक्यांच्या गंजलेल्या बिजागऱ्या बदलल्या आणि स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला.

बोर्ड, गोंद आणि सुताराचं म्हणणं

स्वयंपाकघरातल्या कपाटांचे सांगाडे प्लायवूडचे. ठोकून बघितले, सिंकखालचं एक सोडून सगळे भक्कम. म्हणून सांगाडे ठेवले, फक्त पल्ले नवे केले. यात काटकसर होतीच, पण दम्याच्या दृष्टीनंही हेच बरं होतं. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांच्या गोंदात बहुधा फॉर्माल्डिहाइड असतं आणि ते महिनोन्‌महिने हवेत सुटत राहतं. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त सुटतं. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, 2004 साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा आहे घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या सरासरीवर. जुन्या बोर्डातून जे सुटायचं ते बहुतेक सुटून गेलेलं असतं. नवा बोर्ड कितीही 'ग्रीन' म्हणवला तरी या एका बाबतीत 30 वर्षांच्या जुन्या बोर्डापुढे तो मागेच.

नव्या पल्ल्यांसाठी बोर्ड घेताना माहितीपत्रक बाजूला ठेवून बोर्डावरचा शिक्का बघितला. ई1, ई0 ही उत्सर्जनाची वर्गवारी, किंवा कॅलिफोर्नियाची कार्ब फेज 2. त्या दुसऱ्या नियमात हार्डवूड प्लायवूडला 0.05 पीपीएम (दहा लाख भागांत 0.05 भाग) आणि एमडीएफला 0.11 पीपीएम अशी मर्यादा आहे, म्हणजे एकाच शिक्क्याखाली प्लायवूडची मर्यादा एमडीएफच्या निम्म्याहून कमी. आम्ही प्लायवूड घेतलं. कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर वायू तिथूनच जास्त सुटतो, म्हणून मागच्या आणि खालच्या, नजरेला न पडणाऱ्या कडांनाही पट्टी लावायला सांगितली. सुतार त्या हमखास सोडतात.

खरी गाठ पुढे होती. बोर्ड चांगला आणला आणि त्यावर लॅमिनेट चिकटवायला टोल्युइनचा उग्र वास मारणारा रबरी गोंद फासला, तर आधीच्या निवडीला काय अर्थ राहिला? मी पाण्यावर आधारित पांढरा गोंद वापरायला सांगितलं. सुतारकाका म्हणाले, "साहेब, त्याला दाबून ठेवायला लागतं रात्रभर. माझ्याकडं शिकंजे चारच. रबरी लावला तर थापटलं की झालं." हरकत बिनतोड होती. आणखी शिकंजे भाड्यानं आणले आणि कामाला जास्तीचे दिवस धरले. तरीही उंच पल्ल्यांना ते पुरले नाहीत, त्याबद्दल पुढे.

आजोबांचं एक भरीव लाकडाचं कपाट होतं. ते रंधून त्याला जवसाचं तेल लावलं. तेल नैसर्गिक म्हणून लोक बेफिकीर असतात, पण जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेटू शकतात. तेल वाळताना ऑक्सिजन शोषतं, त्यात उष्णता निघते आणि बोळ्यात ती कोंडून राहते. चिंध्या गॅलरीत एकेक पसरून कडक वाळवल्या, मगच कचऱ्यात दिल्या.

दारं

यादीतली सगळ्यात सुंदर कल्पना इथे होती आणि ती पूर्णपणे सोडावी लागली. दारावर फिकट पिवळट ऑइल पेंट. एका टवक्याखाली हिरवा थर दिसला, त्याच्याखाली आणखी एक. जुन्या ऑइल पेंटात, विशेषतः भडक पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं असण्याची शक्यता दाट असते. टवका प्रयोगशाळेत पाठवला. रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम असावी, अशी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं चाललेल्या मोहिमेची शिफारस आहे. अहवालातला आकडा त्याच्या कितीतरी वर होता.

असा रंग कोरडा घासला की शिसं धुळीत येतं, आणि धुळीतून लहान मुलांच्या पोटात. तापवून खरवडला तर धूर नाकात जातो. मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक प्रमाण निर्धोक, असं सांगताच येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. तेव्हा 'लाकूड मोकळं करून तेल' हे या घरात सगळ्यात घातक काम ठरलं असतं. शाबूत थर तसेच ठेवले, ओल्या फडक्यानं पुसले आणि वरून नवा रंग देऊन ते बंद करून टाकले. फक्त जिथे दार चौकटीला घासत होतं तिथे रोज थोडी पूड पडत राहणार होती. तेवढ्या कडा पाणी मारून ओल्या असताना खरवडल्या, खाली प्लास्टिक अंथरलं, पूड पिशवीत भरली, आणि दार पुन्हा घासू नये म्हणून बिजागऱ्या नीट बसवल्या. अशा वयाच्या घरात अॅस्बेस्टॉसचे पत्रेही बघावे लागतात. इथे ते नव्हते.

दारांना आणि खोल्यांना जो रंग घेतला तो कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडून जाणारी रसायनं कमी असलेला. युरोपीय संघात आतल्या मॅट भिंतरंगाला 2010 पासून लिटरला 30 ग्रॅम अशी मर्यादा आहे. तो आकडा तुलनेला हाताशी ठेवावा, कारण डब्यावरच्या 'वास नाही' या शब्दांवरून काहीच कळत नाही. शिवाय डब्यावरचा आकडा बेसचा असू शकतो. गडद छटेसाठी दुकानदार जो रंगद्रव पंपानं मिसळतो त्यातूनही भर पडते. छटा फिकट घेतल्या. रंगकामाआधी गाद्या, पडदे, सोफ्याच्या उशा शेजारच्या घरात हलवल्या, कारण कापड हे वायू शोषून घेतं आणि पुढे आठवडेच्या आठवडे परत सोडत बसतं. मला विचाराल तर रंगाच्या कंपनीपेक्षा या हलवाहलवीनं मुलाला जास्त फायदा झाला.

ओटा

क्वार्ट्झ म्हणून जो मिळतो तो कृत्रिम दगड. दगडाचा चुरा राळेत घट्ट केलेला. त्यात स्फटिकी सिलिकाचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वरही असतं. घरात बसल्यावर तो कुणाला त्रास देत नाही. त्रास होतो तो कापणाऱ्याला. ही धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि या दगडाचं काम करणाऱ्या तरुण कारागिरांत तो झपाट्यानं वाढलेला आढळला. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून या दगडाचे स्लॅब बनवणं, पुरवणं आणि बसवणं बंद केलं. अशी देशव्यापी बंदी घालणारा तो पहिला देश. पर्यावरणाच्या गप्पा मारताना कापणाऱ्याचा श्वास हिशेबात धरायचा नाही, हे मला जमत नाही. यजमानांना क्वार्ट्झचं पांढरंशुभ्र रूप फार आवडलं होतं. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जरा नाराजीनंच होकार दिला. जुना ग्रॅनाइटचा ओटा राहिला. सिंकसाठी भोक मोठं करायचं होतं तेवढं पाणी सोडत कापलं. सिलिका ग्रॅनाइटमध्येही असतंच, प्रमाण कमी एवढंच.

बाकीचं, थोडक्यात

बाथरूम मात्र फोडलं. फरशीखालचा जलरोधक थर गेलेला होता, वरवरच्या डागडुजीनं भागणार नव्हतं. फोडलंच आहे तर टाकी 6 आणि 3 लिटरच्या दुहेरी फ्लशची घेतली, नळांच्या तोंडाला हवा मिसळणाऱ्या जाळ्या लावल्या, आणि शॉवर कमी धारेचा. शॉवरमुळे पाण्याइतकीच वीजही वाचते, कारण जे पाणी वाहिलं नाही ते तापवावं लागत नाही.

फॉल्स सिलिंग रद्द. एलईडीला वीज कमी लागते म्हणून लोक जिथे चार दिवे पुरले असते तिथे वीस लावतात. शिवाय छतात गाडलेल्या बऱ्याच दिव्यांत आतला भाग बदलता येत नाही, तो गेला की अख्खा दिवा फेका. साधे होल्डर ठेवले आणि त्यात बदलता येणारे बल्ब.

पश्चिमेच्या उन्हासाठी जाड पडद्यांचा बेत होता. पण ऊन काचेतून आत आलं, की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. अडवायचं तर काचेच्या बाहेर. मावळतीचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे सज्जा कितीही पुढे काढला तरी उपयोग नाही, आडोसा उभाच हवा. गॅलरीच्या बाहेरच्या कडेला बांबूच्या काड्यांचे गुंडाळते पडदे लावले. यादीतला बांबू शेवटी असा घरात आला.

राबिट कमी निघालं, तरी निघालं. धातू, लाकूड, विटा-मसाला आणि जुन्या छताची पीओपीची नक्षी यांचे ढीग वेगळे केले. पीओपी म्हणजे जिप्सम. ते ओल्या कचऱ्यासोबत हवा न लागता गाडलं गेलं तर त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू निघतो, म्हणून ते इतरांत मिसळू दिलं नाही.

वर्षभरानंतर

एक पावसाळा गेल्यावर घर पुन्हा बघितलं. ओली भिंत कोरडी आहे, फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग आणि त्यावर मिठासारखी पांढरी भुकटी. ती भिंतीतले जुने क्षार बाहेर पडतायत म्हणून आहे की बाहेर आणखी एखादी भेग राहिलीय, ते प्लास्टिक चिकटवून पुन्हा बघायचं आहे. मुलाचा त्रास कमी झाल्याचं ताई सांगतात. त्याचं श्रेय बुरशी गेल्याला द्यायचं, खेळत्या हवेला की डॉक्टरांनी बदललेल्या औषधाला, हे वेगळं काढता येणार नाही. विजेचं बिल उतरलंय, पण यजमान या काळात बराच वेळ बाहेरगावी होते, तेव्हा त्यावरूनही मी काही सांगणार नाही. फरशीला अजून काही करावं लागलेलं नाही.

दारांच्या अहवालाची प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवली आहे, पुढच्या रंगाऱ्यानं ती वाचल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नये म्हणून. आणि स्वयंपाकघरातल्या उंच फडताळाच्या पल्ल्याचं लॅमिनेट वरच्या कडेला बोटभर सुटलंय. तिथे शिकंजा पोचला नव्हता. सुतारकाकांनी "सांगितलं होतं" एवढंच म्हटलं आणि पल्ला उतरवून नेला. यावेळी दोन फळ्यांत धरून, वर वजन ठेवून दाबणार आहेत. गोंद तोच, पांढरा.